ओसाड जागा

"हे कुणी लिवलंय?" इंदुमती कांबळेनं पेपर टेबलावर आपटला.

उपसंपादक मुकुंदरावांनी बातमीवरून नजर फिरवली. हुबळीच्या मध्यभागी ओसाड पडलेल्या जागेवर वर्तमानपत्राचा नवा छापखाना उभा राहणार होता. रविवारी भूमिपूजन.

"मीच. का हो अक्का?"

"ओसाड? एकोणीस घरं होती आमची तिथं! रस्ता रुंद करायचाय म्हणून उन्हाळ्यात पाडली. कुठाय रस्ता?"

इंदुमती बावीस वर्षं बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. घर पाडल्यापासून गावाबाहेरच्या माळावरून दोन बस बदलून कामावर येत होती.

"तुमच्या शालिनीला पयली आंघोळ मी घातली. भर पावसात बोलावणं आलं, तवा त्याच ओसाड जागेतनं पळत गेले. इसरला?"

"नाही हो." त्यांचा आवाज खाली आला. "असं करा, पत्र द्या लिहून. छापतो."

तिनं तिथंच कचेरीच्या जिन्यात बसून कन्नडमध्ये पत्र लिहिलं. एकोणीस घरांची नावं घातली, दगडूअण्णांपासून यल्लव्वापर्यंत.

गुरुवारी पत्र छापून आलं. तीन ओळींचं. नाव एकही नाही. 'आमची जागा चांगल्या कामी आली, याचा आनंद वाटतो.' खाली तिची सही.

"अक्का, पेपरात नाव आलं की तुमचं!" दवाखान्यातली नर्स कौतुकानं म्हणाली. इंदुमतीनं दोनदा वाचलं. आनंदाचं ते वाक्य तिचं नव्हतंच.

रविवारी ती ड्युटीच्या पांढऱ्या साडीतच मांडवात शिरली. जमीन न्याहाळत चालली आणि पहिल्या रांगेत एका खुर्चीवर बसली. मुकुंदराव धावत आले.

"एळ्री अक्का, उठा. ह्या खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत."

"पाहुणे तुम्ही. हितं माझी चूल होती."

"आपण उद्या बोलू ना."

"उद्या तुम्ही लिवणार. आज मी बसणार."

फोटोग्राफर बघत होता. मुकुंदराव मागं सरले.

पाहुणे आले. व्यापारी, वकील, कुणीकुणी. प्रत्येकानं तिच्याकडं पाहिलं, शेजाऱ्याला ती कुठल्या वस्तीतली ते विचारलं आणि पलीकडं जाऊन बसला. मंत्र झाले. कुदळ पडली. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. इंदुमती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मागं माणसं दाटीनं उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर शेवटपर्यंत कुणी बसलं नाही.