स्टार्टरची दसऱ्याची अंघोळ

मी बंद पडलो तर आमच्याच शाळेची मुलं नेणाऱ्या हर्षदला एक व्हॅन स्वस्तात मिळणार होती, आणि व्हॅनसोबत तिच्यातली मुलंही. बिचारा रोज सकाळी माझी चौकशी करायचा. एवढ्या आपुलकीने सख्खा भाऊसुद्धा विचारत नाही.

मित्रांनो, मी अंधेरीतल्या एका शाळेच्या व्हॅनचा जुना स्टार्टर. चावी फिरली की बॅटरीची वीज घ्यायची, झोपलेल्या इंजिनाला गरागरा फिरवायचं आणि ते जागं झालं की बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम. पुढे दिवसभर कौतुक इंजिनाचं.

कारखान्यातून आलो तेव्हा गुणाजी ही व्हॅन चालवायचे. त्यांचा माझ्यावर फार जीव. दर दसऱ्याला हार घालण्याआधी ते पाण्याची नळी थेट इंजिनावर धरत. म्हणत, वर्षभर राबतात बिचारे, एक दिवस न्हाऊ देत. ते पाणी माझ्या पोटात शिरायचं आणि तिथेच राहायचं. मी आतून गंजत होतो आणि वरून झेंडू मिरवत होतो.

पुढे गुणाजींचे गुडघे गेले आणि मुलगी अक्षता व्हॅन चालवू लागली. अंघोळीचं खातं मात्र वडिलांकडेच राहिलं. यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी तिने चावी फिरवली, तर मी नुसतं 'टक्' केलं. सोमवारी मुलांची सहामाही परीक्षा. व्हॅन आली नाही तर पालक दुसरीकडे जाणार, हे तिला ठाऊक होतं. हर्षदने तर पालकांच्या ग्रुपवर आपल्या गाडीत जागा असल्याचं कळवूनही टाकलं होतं.

बॅटरी गेली, असा निकाल गुणाजींनी ओट्यावरूनच दिला. शेजाऱ्याची बॅटरी आणून लावली. पुन्हा 'टक्'.

"किती दिवस ढकलशील गं? मला देऊन टाक," चौकशीला आलेला हर्षद म्हणाला.

अक्षताने गाडीचे दिवे लावले, चावी फिरवली आणि बघत राहिली.

"बाबा, दिवे झकास आहेत. चावी मारली तरी मंदावत नाहीत. बॅटरी नाही, स्टार्टरच अडलाय."

तिने साकीनाक्याहून दादू मेकॅनिकला बोलावलं. त्याने वायरी घट्ट आहेत ना ते पाहिलं, तिला चावी फिरवायला सांगितली आणि पान्याच्या दांड्याने माझ्या अंगावर हलकेच ठोकलं. मी दचकून एकदा फिरलो. तेवढ्यावरून त्याने ओळखलं, आत वीज पोचवणारे ब्रश अडकलेत. बॅटरीची वायर सोडवून त्याने मला खाली उतरवलं आणि उघडलं. आतून तांबूस गंज सांडला. दादूने नळीकडे पाहिलं, मग गुणाजींकडे, आणि तोंड उघडलं.

अक्षता हळूच म्हणाली, "दादूकाका, वय झालं होतं म्हणा."

दादूने तसंच सांगितलं. माझ्या जागी दुसरा बसला आणि व्हॅन पहिल्या चावीत जागी झाली.

"बाबा, या नव्याला पाणी चालत नाही हां. दसऱ्याला नुसता ओला फडका."

"काय नखरे गो या नव्यांचे. माझा जुना दरवर्षी न्हायचा, कधी कुरकुरला नाही."

मित्रांनो, यंत्रावर माया जरूर करा, पण त्याला काय सोसतं ते आधी विचारा. माझं म्हणाल तर मी आता दादूच्या टेबलावर आहे. गंज निघाला, नवे ब्रश बसताहेत, लवकरच एका टेम्पोत नोकरीला लागेन.

हिशेब सांगायचा तर दादूची मजुरी अक्षताने भरली, हर्षदचा सौदा बुडाला, गुणाजींना काहीच भरावं लागलं नाही. दोष तेवढा माझ्या वयाच्या नावे पडला. पडू दे, सोमवारी मुलं वेळेवर परीक्षेला पोचली.