कुठं म्हणू नये

दत्तोबाच्या उकिरड्यात कुंडलिक काठीनं उकरत होता, तेवढ्यात मागून दत्तोबाच्या बायकोचा, बनाबाईचा आवाज आला.

"काय हरवलंय भावजी?"

"न्हाय, आमची कोंबडी आली व्हती हिकडं."

आता ज्याच्या दारात जन्मात कोंबडी नव्हती, त्यानं असं सांगावं! बनाबाई तोंडाला पदर लावून आत गेली. कुंडलिक हाडं शोधत होता. सशाची. निघाली ती राख, कांद्याची टरफलं आणि पाचट. पण म्हणून संशय फिटतो काय? हाडं कुत्र्यानं नेली असतील.

मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघांनी पिंपळीच्या माळावर ससे धरले होते. वाघर, म्हणजे सशासाठी लावायचं जाळं, कुंडलिकाची. त्याच्या बापानं अंबाडीच्या सुतळीनं विणलेली. ससा गुरफटावा म्हणून कुंडलिक ती झुडपांमधून सैल सोडायचा आणि दबा धरून बसायचा. पलीकडून दत्तोबा गडी घेऊन, ससे उठवायला हाका घालत यायचा. निघताना मात्र कोणी 'कुठं' म्हणायचं नाही. म्हटलं की वाघर रिकामी परत! विचारायचंच तर 'कुणीकडं' विचारायचं, आणि उत्तर एकच, 'माळावर'. शिकारीचं नाव कोणी जिभेवर घेत नसे.

हल्ली हाक्याला गडी मिळेनात. एकाच्या उसाला पाण्याची पाळी, तर दुसऱ्याला वांगी घेऊन बारामतीच्या बाजाराची घाई. कारखान्याची चिमणी उभी राहिल्यापासून जो तो उसाच्या बेण्यामागं. हाक्यावाचून वाघर काय चाटायची? दिवाळीपासून कुंडलिक माळाकडं फिरकला नव्हता.

आणि हा दत्तोबा! रोज तांबडं फुटताना बाहेर पडायचा, संध्याकाळी हातापायांवर ओरखडे घेऊन यायचा. 'कुणीकडं रं?' म्हटलं की मान खाली घालून म्हणायचा, 'माळावर.'

माळावर! आणि आपल्याला बोलावणं नाही! नवी वाघर केली असणार लेकानं, दुसरे साथीदार धरले असणार. कुंडलिकाला घास गोड लागेना. घरातही पाणी मुरत होतं. दत्तोबाचं नाव काढलं की कुंडलिकाची बायको प्रयागबाई उगाच चूल फुंकायला वाकायची.

एका सकाळी त्यानं खुंटीवरची वाघर खांद्यावर टाकली. आज रंगेहाथ धरायचा.

"आवं, कुठं..." प्रयागबाईनं जीभ चावली.

"म्हनलीस? झालं समाधान?"

"आज ऱ्हाऊ द्या की. नगा जाऊ."

"का? तुला काय म्हाईत हाय?"

ती चूल फुंकायला वाकली. मग तर कुंडलिकाची खात्रीच पटली.

ओढा चढून तो वर आला आणि उभाच राहिला. माळ कुठाय? बोरीबाभळींचा काट्याकुट्यांचा ढीग एका बाजूला पडलेला. जमीन नांगरून, सऱ्या पाडून सपाट केलेली. विहिरीवर इंजिन धडधडत होतं आणि उसाचे कोवळे कोंब वर आले होते. पाण्यात उभा दत्तोबा फावड्यानं सऱ्यांची दारं मोडत पाणी फिरवत होता. कुंडलिकाला बघून त्याचे हात थांबले.

"कुणीकडं?" तो सवयीनं बोलून गेला.

"मला इचारतोस? चोरून ससं मारतोस म्हनून मी तुझ्यावर वहीम घेतला. तू तर माळच मारलास की रं!"

"माझ्याच वाटनीचा तुकडा हाय गड्या. पोरं म्हनली, पानी लागलंय, ऊस लावू. तुला सांगायला तोंडच हुईना. माळावर जातो म्हनायचो, ते काय खोटं न्हवतं."

"आमच्या घरात म्हाईत व्हतं?"

"समद्या गावाला म्हाईत व्हतं."

कुंडलिक मटकन बांधावर बसला. त्याला रडू आलं. ते त्यानं खोकल्यात लपवलं. दत्तोबा शेजारी येऊन बसला. समोर वांग्याच्या रोपांचा वाफा होता, कडेचे शेंडे कुरतडलेले.

"ससं येत्यात?" कुंडलिकानं विचारलं.

"येत्यात की. त्यांनी तरी कुठं जावं?"

शब्द तोंडातून गेला आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं. इंजिन तेवढं वाजत राहिलं.

मग कुंडलिक उठला. ढिगातल्या बाभळीच्या मेखा काढल्या, वाफ्याभोवती ठोकल्या आणि वाघर बांधायला लागला. ओढून, ताठ.

"जरा सैल सोड की," दत्तोबा म्हणाला. "एखादा घावंल."

"नगं. माघारी गेला पायजे."

तो घरी आला तेव्हा प्रयागबाई दारातच होती. त्याच्या मोकळ्या खांद्याकडं बघून तिचा चेहरा उतरला.

"वाघर कु... कुणीकडं ठिवली?"

"कुठं म्हन की," कुंडलिक म्हणाला. "आता चालतंय."

आणि त्यानं वाघरीच्या खुंटीला पागोटं अडकवलं.