संत पेत्काचे डोळे

मित्रांनो, कामेनिक नावाच्या डोंगरी गावातल्या चर्चची मी उत्तरेकडची भिंत. माझे वय सातशेच्या पुढे आहे.

मी मूळची ओबडधोबड दगडांची. मकारी नावाच्या चिताऱ्याने मला रूप दिले. चुन्यात भुसा कालवून तो रोज थोडाच गिलावा करी, कारण गिलावा ओला असेपर्यंतच रंग त्यात मुरतो. संत पेत्काचा चेहरा रंगवण्यात त्याची अख्खी सकाळ गेली. बुबुळे त्याने सगळ्यांत शेवटी काढली. मग तो परांचीवर नुसता बसून राहिला. भाकरी खायचेही त्याला सुचले नाही.

पुढे शेकडो वर्षे लोकांनी माझ्यापुढे मेणबत्त्या लावल्या. धुराने मी काळवंडले. छप्पर गळून माझा एक कोपरा फुगला, तरी कोणी वर पाहिले नाही. मात्र पेत्काच्या पायांना ओठ लावल्यावाचून कोणी दाराबाहेर पडत नसे. ती डोळ्यांची दुखणी बरी करते, अशी त्यांची श्रद्धा होती.

तुर्कांच्या अमलात एका हिवाळ्यात गावात डोळ्यांची साथ आली. वैद्य खिंडीपलीकडच्या शहरात राहायचा आणि खिंड बर्फाने बुजली होती. स्तामेना नावाच्या विधवेची नऊ वर्षांची याग्लिका आठवडाभरात चाचपडू लागली.

एका दुपारी स्तामेना सुरी घेऊन माझ्यापाशी आली. पाद्री त्राइको समईत तेल घालत होते.

"हे काय करतेस, स्तामेना?"

"पेत्कामाईचे डोळे खरवडून नेते. पाण्यातून पोरीला पाजते. माझी सासू सांगायची, त्यानं दृष्टी येते."

"अगं, माईला आंधळी करशील."

"ती संत आहे, बाबा. तिचं काय अडणार आहे? माझी पोर उद्या ओढ्यात पडेल."

पाद्रीबाबांनी तोंड फिरवले. सुरी माझ्या चुन्यात रुतली. मला ओरडता येत नाही.

रविवारी स्तामेना पोरीला घेऊन आली. चर्च माणसांनी भरले होते.

"सांग बरं, माईचं वस्त्र कुठल्या रंगाचं?" स्तामेनाने विचारले.

"तांबडं," याग्लिका म्हणाली.

स्तामेना हमसून रडली. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. पण ते वस्त्र पोरीने तान्हेपणापासून पाहिलेले होते. उत्तर देताना तिचा चेहरा माझ्याकडे नव्हताच, दाराकडे होता.

बातमी गावोगाव गेली. आया आल्या, सुऱ्या घेऊन, चमचे घेऊन. एकीने तर नखांनीच उकरले. महिन्याभरात माझ्यावरच्या अकरा संतांपैकी एकाचाही डोळा उरला नाही. चुना पिऊन लेकरांची पोटे बिघडली. एक तान्हे दगावलेसुद्धा.

ते मूल पुरून लोक परतले, त्या दिवशी याग्लिका वाट चाचपडत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. त्स्वेता नावाची बाई बुबुळांखालचा उरलासुरला रंग खरवडत होती. तिच्या कडेवर मूल होते.

"मावशी, नको पाजू त्याला," याग्लिका म्हणाली. "मला काहीच दिसत नाही. ते पाणी प्यायल्यावरही दिसलं नाही. आई रडत होती म्हणून मी तसं बोलले."

त्स्वेताने हात थांबवला नाही. "तुझं भागलं, आता दुसऱ्याला मिळू नये असं वाटतंय होय तुला?"

दारात स्तामेना उभी होती. तिने सगळे ऐकले. ती आली, पोरीचा हात धरला आणि एवढेच म्हणाली, "चल, सूप गार होतंय."

त्यानंतर स्तामेना जगली तोवर दर शनिवारी आली. पण मेणबत्ती लावून ती माझ्याकडे पाठ करूनच उभी राही. याग्लिका शेजारी बसे आणि तिच्यासाठी लोकर पिंजे.

मित्रांनो, आता इथे शाळेची मुले येतात. त्यांना सांगतात की संतांचे डोळे शत्रूंनी भाल्यांनी फोडले. मुलांना राग येतो, मुठी वळतात. मला ते ऐकवत नाही. जुन्या चित्रांना जपा, छपराची गळती वेळेवर बुजवा, हे मागणे तर आहेच. पण त्याआधी खिंडीतली वाट मोकळी ठेवा. आजारी लेकराच्या आईला वैद्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. तिला भिंतीपाशी एकटीला सोडू नका.