पंचाचा खड्डा

महाळुंगे पडवळच्या घाटात बैलगाड्यांच्या शर्यतीला भगवंतासारखा पंच उभ्या तालुक्यात नव्हता. आजारानं मणके एकमेकांना सांधले गेलेले, हनुवटी छातीला टेकलेली, नजर कायम स्वतःच्या अंगठ्यावर. पंचानं करायचं काय, तर चुन्याच्या रेघेवर डोळा ठेवायचा आणि पुढच्या बैलाचा खूर पडला की झेंडा टाकायचा; झेंडा पडला की गाड्याचं घड्याळ थांबायचं. गाडा कुणाचा हे भोंग्यावर कळायचं, पण मालकाचं तोंड काही त्याला दिसत नव्हतं. आणि तोंडच दिसत नाही तिथं भीड कसली? मालक डोळे मारून मारून दमायचे.

पण त्या बिचाऱ्याच्या मनातलं कुणी विचारलंय! इतक्या वर्षांत त्यानं खूर तेवढे पाहिले. बैल समोरून धावत येताना दिसतात कसे, हे पंचालाच ठाऊक नाही. लोक आनंदानं नाचायचे तेव्हा त्याला रडू यायचं.

शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी मणका कापून मान सरळ केली, स्क्रू-सळया घालून पक्की केली. म्हणाले, "आता समोरचं दिसेल, पण मान खाली व्हायची नाही, वळायचीही नाही."

"चालंल की!" भगवंत म्हणाला.

"आन् पंचकी गेली म्हंजे?" त्याची बायको कुशाबाई पुटपुटली.

यात्रेच्या तोंडावर कमिटीचा म्होरक्या गेणभाऊ दारात आला आणि ती सरळ मान बघून मटकन खालीच बसला.

"वाटुळं केलंस राव! आता रेघ कोन बघनार?"

"दुसरा पंच बघा."

"दुसऱ्याचं ऐकतंय कोन? डोकी फुटतील!"

कमिटी बसली. मान खाली येत नाही ना, मग माणूसच खाली न्यायचा! रेघेच्या टोकाला गळ्याइतका खड्डा खणला. भगवंताला हार घातला, शिडीनं आत सोडला, तोंड रेघेकडं करून उभा केला. भीड नको म्हणून फेटा भुवयांपर्यंत ओढला. डॉक्टरनं वर काढलेला माणूस गावानं पुन्हा खड्ड्यात घातला, वर टाळ्याही वाजवल्या.

पहिला गाडा सुटला. खड्ड्याची माती थरथरली, पोरांनी आरोळ्या ठोकल्या. भगवंताला राहवेना. मान वळत नव्हती, म्हणून तो अख्खाच वळला आणि फेटा वर सारला.

आई गं! गुलालानं माखलेली कपाळं, वर उचललेली शिंगं, फुरफुरणाऱ्या नाकपुड्या, सगळं अंगावर आलं आणि धुरळा उडवून निघून गेलं. झेंडा हातातच राहिला. घड्याळ आपलं चालूच.

"आरं, कवा गेला गाडा?" गेणभाऊ बोंबलत आला.

भगवंताच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "कवा गेला ते न्हाई ठावं, गेणभाऊ. पर आला कसा म्हनशील, तर काय आला राव!"

कमिटीनं जागच्या जागी पंचकी काढून घेतली. मालकांनी शिव्या घातल्या. कुशाबाई काठावर येऊन उभी राहिली.

"गेली न्हवं?"

"गेली."

"मग या वर. शोभा झाली तेवढी बास."

"थांब गं. दुसरा गाडा येतोय. तू बी उतर, हितनं लई भारी दिसतंय."

कुशाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला.