मिठातल्या धमन्या

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. चुलीवरचं पातेलं उतरवणारा चिमटा डोळ्यांसमोर आणू नका. तो माझा धिप्पाड चुलतभाऊ. मी तुमच्या करंगळीएवढा. मी आयुष्यभर माणसांच्या धमन्या धरल्या. धमनी म्हणजे हृदयाकडचं रक्त हातापायांपर्यंत नेणारी नळी. ती कापली गेली, तर डॉक्टर ती शिवतात, आणि शिवून होईपर्यंत रक्त थोपवून धरायला एक चिमटा लागतो. तो मी. ऐकायला हे काम सोपं वाटतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

माझा जन्म १९५६ साली पनवेलमध्ये झाला, तोही बैलगाड्यांची चाकं बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे काळूराम मिस्त्री चाकांवर धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या, चढवायचे. एके दिवशी डॉक्टर इनॉक मोडक्या ग्रामोफोनची स्प्रिंग घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, यातून दोन चिमटे करून द्या. धमनी घट्ट धरली गेली पाहिजे, पण चिरडता कामा नये."

"डॉक्टरसाहेब, लोखंड एक तर धरतं, नाही तर सोडतं. मधलं त्याला कळत नाही," मिस्त्री म्हणाले. पण त्यांनी काम घेतलं. घडवलेला प्रत्येक चिमटा ते स्वतःच्या कानाच्या पाळीला लावून बघायचे आणि पाळीवर वळ उठला की तो भंगारात टाकायचे. त्यांचे दोन्ही कान महिनाभर लाल होते. शेवटी मी आणि माझा जुळा भाऊ पास झालो. डॉक्टरांनी आमच्या जबड्यांवर सायकलच्या व्हॉल्व्हची मऊ रबरी नळी चढवली, तेव्हा मला नवी टोपी घातल्यासारखं वाटलं. मी तेव्हा फार गर्विष्ठ होतो, हे आत्ताच कबूल करून टाकतो.

डॉक्टर इनॉक पनवेलचेच, बेने इस्रायल समाजातले. मोठ्या लढाईत ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सर्जन होते. तिथे जवानाच्या मांडीतली धमनी तुटली की ती दोऱ्याने बांधून टाकायचे. जीव वाचायचा, पण बऱ्याचदा रक्तावाचून पाय काळा पडायचा आणि कापावा लागायचा. डॉक्टरांनी असे किती पाय कापले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लढाईनंतर ते धमन्या शिवायला शिकले, आणि मग पनवेलला वीस खाटांचा दवाखाना काढून हीच विद्या तरुण डॉक्टरांना शिकवू लागले. शिकणाऱ्याने दोन वर्षं दवाखान्यातच राहायचं, असा नियम होता. म्हणून त्यांना निवासी डॉक्टर म्हणत.

डॉक्टर तमार ही त्यांतली पहिली. मुंबईहून एक ट्रंक घेऊन आली. उंचीने लहान, बोलायला कमी, आणि हट्टी किती, ते मला विचारा. माणसाला हात लावण्याआधी तिला बकऱ्याच्या धमन्या शिवायच्या होत्या. त्या द्यायचे सामाजी हजान. हजान म्हणजे बेने इस्रायलांची प्रार्थना चालवणारे. पनवेलमध्ये धर्माच्या नियमाप्रमाणे बकरा कापायचं कामही तेच करत. त्यांच्या धर्मात रक्त खात नाहीत, म्हणून ते मांसातून मोठ्या रक्तवाहिन्या ओढून काढायचे. इतर लोक ज्या फेकून देतील, त्या आमच्या दवाखान्यात पुस्तकाच्या जागी होत्या.

बकरा कापायचा शुक्रवारी. शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. हजान त्या दिवशी काडीलाही हात लावत नसत. त्यामुळे धमन्या यायच्या रविवारी. तोवर सडू नयेत म्हणून त्या बरणीत मिठाखाली ठेवलेल्या असत. तमार त्या पाण्यात धुवायची, आम्हा भावांना दोन्ही टोकांना लावायची आणि मध्ये कापून केसासारख्या रेशमी धाग्याने पुन्हा जोडायची. मग डॉक्टर खिळ्याला टांगलेल्या बाटलीतून त्या जोडलेल्या धमनीत पाणी सोडायचे आणि खाली पांढरा रुमाल पसरायचे. रुमालावर एक जरी ओला ठिपका पडला, तर टाके उसवून पहिल्यापासून सुरुवात.

पहिले तीन महिने रुमाल पिळून काढावा लागे. तमार चिडायची, पण रडायची नाही. वर्षभरात तिने सलग चाळीस धमन्या ठिपका न पडता शिवल्या. डॉक्टर म्हणाले, "पुढची धमनी माणसाची. ती तू शिवायची." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही.

ती धमनी १९५८ च्या मार्चमध्ये आली. गव्हाणचा धर्मराज कोळी सकाळी होडी ओढताना चिखलात घसरला आणि होडीतला कोयता त्याच्या गुडघ्यामागे खोल गेला. त्याची बायको ठमाबाई हिने पदर फाडून मांडी करकचून बांधली आणि भरतीच्या पाण्यावरून त्याला होडीने पनवेल बंदरात आणलं. यात चार तास गेले होते. रक्तावाचून पाय साधारण सहा तास तग धरतो.

पाय पांढराफटक आणि गार पडला होता. ठमाबाई दारात उभी राहून म्हणाली, "डॉक्टर, पाय तोरू नका. पाय गेला त ह्यो होरीवर उबा कसा ऱ्हाणार? आमाला दुसरं काय येत नाय."

धर्मराजला भूल दिली. धमनी पूर्ण तुटली होती. तमारने मला वरच्या टोकाला लावलं, माझ्या भावाला खालच्या. पदराची गाठ सोडली आणि मित्रांनो, पहिल्यांदाच माझ्या जबड्यात जिवंत रक्त येऊन धडकलं. मी हादरलो. बकऱ्याच्या धमन्या मुक्या होत्या. ही धडकत होती, थांबत होती, पुन्हा धडकत होती. एका झोपलेल्या माणसाचं हृदय मला ढकलत होतं आणि मी, ग्रामोफोनच्या स्प्रिंगचा एक तुकडा, त्याला थोपवून उभा होतो. माझा सगळा गर्व त्या क्षणी गळून पडला.

तमारने टाके घातले. सात टाके सुरेख पडले. आठवा ओढला आणि धागा धमनीची कड कापत आरपार निघाला. मागोमाग शेजारचे दोन टाकेही फाटले. ओल्या कागदातून दोरा ओढावा, तसं ते झालं. भिंतीवरच्या घड्याळात सहा तासांतला जेमतेम एक तास उरला होता.

तमारचा चेहरा उतरला. "सर, मी नेहमीएवढंच ओढलं होतं," ती म्हणाली. "आता तुम्ही घ्या."

डॉक्टरांनी हात पुढे केला. मग फाटलेल्या कडेकडे नीट पाहिलं आणि हात मागे घेतला.

"तू नेहमीएवढंच ओढलंस. चूक तिथेच आहे आणि ती माझी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "वर्षभर मी तुला मिठात ताठरलेल्या धमन्या दिल्या. त्यांना एवढी ओढ सोसते. ही जिवंत आहे, ही मऊ आहे. मी बघायला हवं होतं."

वर्षभराचं शिकवणं चुकलं, असं शिकणाऱ्यासमोर म्हणणारा मोठा डॉक्टर मी त्यानंतर पाहिला नाही.

"मग किती ओढू?" तमारने विचारलं.

"दोन्ही कडा एकमेकींना भेटल्या की थांब. हाताला बरं वाटेपर्यंत ओढू नकोस."

तिने फाटलेला भाग कापून टाकला. आता धमनी आखूड पडली, टोकं जुळेनात. डॉक्टरांनी धर्मराजचा गुडघा थोडा वाकवून स्वतःच्या हातांनी धरून ठेवला, तेव्हा ती जुळली. तमारने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक टाका ती घालायची, कडा भेटल्या की थांबायची. ते थांबणं तिला किती जड जात होतं, हे माझ्या लगतच्या तिच्या बोटांवरून मला कळत होतं. शिकलेला हात आवरणं हे शिकण्यापेक्षा कठीण असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

टाके पुरे झाले. आधी भावाला सोडलं, मग मला. रक्त टाक्यांवरून पलीकडे गेलं. दोन-तीन थेंब आले, तमारने बोटाने अलगद दाबून धरलं आणि ते थांबले. डॉक्टर पायाशी गेले आणि आतल्या घोट्यामागे, जिथे पायाची नाडी लागते तिथे, दोन बोटं ठेवून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी बोटं उचलली नाहीत. मग त्यांनी तमारचा हात ओढून तिथे ठेवला. वर्षभर न रडलेली तमार तेव्हा रडली.

बाहेर जाऊन तिने ठमाबाईला सगळं खरं सांगितलं, धमनी आपल्या हातून फाटली हेही. ठमाबाईने ते ऐकून घेतलं. आत जाऊन तिने नवऱ्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं, आणि म्हणाली, "ऊन लागतंय. बास."

त्यानंतर हजान रविवारी सकाळी बकरा कापू लागले आणि ताजी धमनी घेऊन ऊन चढायच्या आत स्वतः दवाखान्यात येऊ लागले. मिठाची बरणी रिकामी झाली. पुढे परदेशी चिमटे आले, चकचकीत आणि दात असलेले. मी आणि भाऊ काचेच्या कपाटात गेलो. रबर चिरलं, अंगावर गंज चढला. सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कपाटातून मला दवाखान्याचं बाक दिसायचं, आणि त्या बाकामुळे माझी म्हातारपणाची वर्षं सुखाची गेली.

कारण दरवर्षी नवे निवासी डॉक्टर आले की पहिल्या दिवशी गव्हाणहून धर्मराज यायचा. तमार आता शिकवणारी झाली होती. ती नव्या मुलांना सुई देत नसे. धर्मराज बाकावर बसून पाय पुढे करायचा आणि प्रत्येकाने त्याच्या घोट्यामागची नाडी शोधायची. मोठ्या परीक्षा पास झालेली ती हुशार मुलं, पण नाडी काही पटकन सापडायची नाही. मग जोरात दाबायची आणि होती तीही हरवायची.

एकदा एका मुलाला घाम फुटला. "मला नाडी लागत नाही," तो म्हणाला.

धर्मराजने त्याचं बोट हलकेच थोडं वर सरकवलं. "दाबू नको, डॉक्टर. नुस्तं ठेव. ती हाय, ती येते."

मुलाने बोट नुसतं ठेवलं. थोड्या वेळाने त्याचे डोळे विस्फारले.

मित्रांनो, मला तेलाचा हात लावा, फडक्याने पुसा, असं मी मागणार नाही. माझ्याऐवजी घरातल्या कुणाचं तरी, आजीचं किंवा दमून आलेल्या वडिलांचं पाऊल मांडीवर घ्या. आतल्या घोट्यामागे दोन बोटं ठेवा. लगेच काही लागणार नाही. तरी बोटं उचलू नका.