हरणांसाठी धूळपेरणी

ऑक्टोबर उजाडला तरी अलाबामाच्या आमच्या भागात महिनाभर थेंब पडला नव्हता. सासरे मात्र रोज विचारत, "ओटचं बी कधी टाकायचं?"

त्यांची फुप्फुसं निकामी झाली होती. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची टाकी. डॉक्टरांनी मला आणि ड्वाइटला, माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढचा हंगाम धरू नका. शिकारीसाठी जंगलात हिंडणं संपलं होतं, आता हरणांनीच त्यांच्यासमोर यायला हवं होतं. म्हणून ड्वाइटनं घरामागच्या दोन एकरांच्या कडेला लाकडी खोपट बांधलं, चाकांची खुर्ची चढेल अशी उतरण केली. त्या दोन एकरांत हिरवं उगवलं तर नोव्हेंबरात, शिकारीच्या पहिल्या दिवशी, हरणं चरायला येणार. नाहीतर नाही.

मी कॉलेजात मातीचंच शास्त्र शिकले. रोज सकाळी लेकीला, एल्सीला, कडेवर घेऊन शेतात जायची आणि बोटानं उकरून बघायची. वर गुडघाभर वाळकं तण, पण त्याच्या सावलीत दोन बोटांखाली अजून ओल होती. तान्ह्या लेकीचा ताप बघावा तशी मी ती ओल बघत होते.

"डॅडी, या वर्षी भुई फोडू नका," जेवताना मी म्हणाले. "उभ्या तणातच बी फेकू आणि वरून तण कापू. त्याचं पांघरूण होईल, ओल टिकेल."

"ऐकलंस का ड्वाइट? तुझी बायको बी कचऱ्यात फेकायला सांगतेय." सासरे हसले आणि हसता हसता खोकले. "पोरी, पन्नास वर्षं पेरतोय मी. भुई कशी पिठासारखी हवी. शेजारचा ओटिस रस्त्यानं जाताना बघेल आणि म्हणेल, म्हातारा संपला, रानात तण माजलंय."

"ओटिसला थोडंच चरायला यायचंय?"

"येईलसुद्धा. बायकोनं हाकललं की."

ड्वाइट हसला, पण माझ्याकडे बघितलं नाही. नंतर भांडी पुसताना म्हणाला, "तुझं बरोबर आहे."

"मग सांग ना त्यांना."

"त्यांना एकदा ट्रॅक्टरवर बसायचंय गं. शेवटचंच. उतरा म्हणून मी सांगू?"

मी विषय सोडून दिला. तिथेच चुकलं माझं.

त्या आठवड्यात मेक्सिकोच्या आखातात वादळ उठलं. आमच्याकडे ऑक्टोबरात पाऊस आणलाच तर वादळच आणतं. चर्चमध्ये पास्टरनं ते आमच्याकडे वळावं म्हणून प्रार्थना केली. माझी आई किनाऱ्यावर राहते, माझे ओठ हलले नाहीत. शुक्रवारी पाऊस येणार म्हणून सासरे गुरुवारीच ट्रॅक्टरवर चढले. ऑक्सिजनची टाकी सीटला दोरीनं बांधलेली, मागे तव्यांचा कुळव. लाल धूळ इतकी उठली की मी एल्सीचं तोंड दुपट्यानं झाकलं. बी पडल्यावर संध्याकाळी मातीत हात घालून बघितलं. मनगटापर्यंत कोरडं.

वादळ पूर्वेला गेलं. आईचं घर वाचलं. आमच्या वाट्याला पंधरा मिनिटांची भुरभुर आली, आणि तेवढ्यानं ओट फुटले, सुईएवढे.

"या, कॉलेजवाल्या बाई!" सासऱ्यांनी ओसरीवरून हाक मारली. "काय म्हणणं आहे तुमचं?"

मला अगदी मनापासून वाटत होतं, मी खोटी ठरावी. चार दिवसांनी गरम वारा सुटला. शेंडे पिवळे झाले, मग पांढरे. खाली ओलच नाही, मुळं जाणार कुठं?

ड्वाइट गुपचूप मक्याची पोती घेऊन आला. सासऱ्यांनी ती गाडीतच हेरली. "परत ने. पोतं ओतून बोलवायला मी काय कोंबड्या पाळल्यात?"

शिकारीच्या पहिल्या दिवशी ड्वाइटची कागद गिरणीत पाळी होती. मीच त्यांना खोपटात नेलं. एल्सी मांडीवर झोपली होती. साडेआठला एक मादी आली, बरगड्या दिसणारी. शेताच्या मधोमध थांबली. मातीला नाक लावलं, पाय आपटला आणि ओढ्याकडे निघून गेली. सासऱ्यांनी बंदूक उचललीच नाही.

"तुझ्या तणात थांबली असती ती," ते म्हणाले.

"पाऊसच नव्हता, डॅडी. तिथंही कुणास ठाऊक."

"खोटं बोलायला शिकवत नाहीत वाटतं कॉलेजात." त्यांनी बंदुकीतल्या गोळ्या काढून माझ्या हातात दिल्या. "चल."

"अजून अख्खा दिवस आहे. नाहीतर उद्या येऊ."

"उद्या कशाला?"

घरी आल्यावर त्यांनी खुर्ची टीव्हीकडे वळवायला सांगितली, शेताकडच्या खिडकीकडे पाठ करून. संध्याकाळी ड्वाइट आला. बूट काढायच्या आधीच विचारलं, "काही दिसलं?"

"एक मादी," मी म्हणाले.

सासरे टीव्हीचा आवाज वाढवत होते.