दाराशी थांबायचं नाही

"बेबाबाई, ऱ्हाऊ द्या ते पट्टे. मोठ्या बाईंनी बोलावलंय. नाना बी येल शेत."

मगन शिपाई सायकलवरून न उतरता, एक पाय ओट्याला टेकवून बोलत होता. बेबाबाईंनी मान वर केली नाही. मांडीवर पट्टा ताणून धरून त्या त्यावर ओला खडू चोळत होत्या. अंगणातल्या तारेवर अकरा पट्टे वाळत होते आणि सहा अजून बादलीत होते. ड्रम गळ्यात अडकवायचे शाळेचे हे पट्टे संक्रांत झाली की त्या घरी आणायच्या, साबणात धुवायच्या, खडू लावायच्या, पितळी कड्या चिंचेनं घासायच्या. सव्वीस जानेवारीला पोरी मैदानात उतरल्या की बघणाऱ्याला आधी पट्टे दिसले पाहिजेत आणि मग पोरी, असा त्यांचा हट्ट होता.

"कशाला बोलावलंय?"

"नानांच्या धाकल्या पोराचं लगीन शे चोवीसले. वरातीत शाळेचा बँड पाहिजे म्हणे."

बेबाबाईंचा हात थांबला. खडूचा तुकडा बादलीत पडला, तो त्यांनी काढलाही नाही.

बेबाबाई बिऱ्हाडे जळगावातल्या त्या मुलींच्या शाळेत तेवीस वर्षं शिपाई होत्या. घंटा देणं, वर्ग उघडणं, पाणी भरणं ही त्यांची कामं. बँडचे शिक्षक म्हणून कागदावर नाव महाजन सरांचं. पण महाजन सरांचा आणि तालाचा संबंध गळ्यातल्या शिट्टीपुरता. काडी कशी धरायची, मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर डावा पाय कसा पडला पाहिजे, वारं सुटलं तर झेंडा धरणारीनं कोपर कुठं दाबायचं, हे शाळा सुटल्यावर तासभर उन्हात उभं राहून शिकवायच्या त्या बेबाबाई. सगळ्या शाळेला ते माहीत होतं आणि कोणी बोलून दाखवत नसे. एरवी बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण याबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. पोरी नीट चालतात ना, मग झालं. कागद काय चाटायचाय?

त्यांनी स्वतः गळ्यात ड्रम घातला तो बासष्ट साली, धुळ्याच्या शाळेत. वय वर्षं तेरा. ड्रम घरी दाखवायला म्हणून मोठ्या तोऱ्यात घेऊन गेल्या आणि बाप जेवता जेवता ताटावरून उठला.

बापाचं नाव भिका. सोनगीरजवळच्या एका खेड्यातला. गावातलं कुठलंही लग्न असो, डफ वाजवायचा तो भिकाच्या घरानं. तोही मांडवात नाही. दाराबाहेर, उन्हात, आतली पंगत उठेपर्यंत. मग कोणी अंगावर काही टाकलं तर ते मातीतून उचलायचं. छप्पन सालानंतर, दीक्षा घेतल्यावर, वस्तीतल्या माणसांनी एका दिवसात सगळे डफ गोळा केले आणि नदीला पूर होता त्यात सोडून दिले. आपला डफ भिकानं आपल्या हातानं सोडला. मग गाव सोडलं, धुळ्याला गिरणीत लागला. आणि आता त्याचीच पोर दारात उभी, गळ्यात ड्रम.

"जे मी नदीमा सोडी उनू," तो म्हणाला, "ते तू गयामा घाली उनी?"

"आबा, हाई येगळं शे," बेबी म्हणाली. "आठे चालत जानं पडस. पुढे झेंडा ऱ्हास. मोठा मोठा साहेब उभा ऱ्हातस."

भिकाला ते खरं वाटलं नाही. पण पंधरा ऑगस्टला तो मैदानावर गेला, दोरीमागं गर्दीत उभा राहिला. पोर आली. निळा फ्रॉक, छातीवर पांढरा पट्टा, पुढं झेंडा. आणि ती ड्रम वाजवत समोरून जाताना व्यासपीठावरचे झाडून सगळे साहेब उठून उभे. संध्याकाळी भिकानं पोरीला जवळ बसवलं.

"वाजाड माय. पन तीन गोठी ध्यानमा ठेव. कोनाच दारशी उभी राहीसन वाजाडानं नही. कोनी फेकं ते उचलानं नही. आनि एकदाव चालू लागनी का मधमा थांबानं नही."

भिकाला जाऊन बारा वर्षं झाली होती, पण या तीन गोष्टी बेबाबाईंच्या अंगात मुरल्या होत्या.

शाळेच्या ऑफिसात गिरधरनाना पंख्याखालच्या खुर्चीत बसले होते. संस्थेचे अध्यक्ष. केळीचे मळे, शहरात कापसाचं गोदाम. माणूस दुष्ट नव्हता. शाळेला बाकं दिली होती, हे ड्रमही त्यांच्याच देणगीतले. आपण दिलेली वस्तू आपलीच राहते, एवढीच त्यांची समजूत होती. समोर मुख्याध्यापिका पाटील बाई, आणि कोपऱ्यात महाजन सर.

"अवं बेबाबाई," नाना म्हणाले, "घरचंच कार्य आहे. पोरी नवा ड्रेस घालतीन, वाजवतीन, जेवतीन. त्यात एवढं काय?"

"नाना, बँड शाळेचा आहे. तो झेंड्यामागं चालतो. घोड्यापुढं नाही चालणार."

"ड्रम कोनी दिले शाळेले?"

"तुम्ही दिले. ड्रम घेऊन जा हवं तर. ताल तुम्ही दिलेला नाही."

पाटील बाईंनी डोळे मिटून घेतले. नाना आधी हसले. दुसरं कोणी हसत नाही हे बघून थांबले.

"तुले इचारतंय कोन? महाजन सर नेतीन पोरीयले."

"हो, हो," महाजन सर शिट्टी चाचपत म्हणाले.

"मग सरांनाच ताल धरायला सांगा," बेबाबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. घाबरल्या नव्हत्या असं कोण म्हणेल? नवरा गेलेला, नोकरीची अजून सोळा वर्षं शिल्लक, आणि शिपायाची बदली करायला लागतं काय, एक कागद. पण पोरी वरातीत वाजवताना डोळ्यांसमोर आल्या की भीतीच्या वर संताप यायचा. तो त्यांनी घंटेवर काढला. त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा स्टेशनपर्यंत ऐकू गेली असेल.

खरी पंचाईत पुढंच होती. पोरींना जायचं होतं.

"मावशी, जाऊ ना," मोठा ड्रम वाजवणारी हेमलता म्हणाली. "नवा ड्रेस मिळणारे. श्रीखंड पण आहे."

हेमलताचा बाप चुडामण नानांच्या गोदामात हमाल. पोर आठवीतली, पण मोठा ड्रम पोटावर घेऊन चालली की मैदान तिचं. बेबाबाईंना वाटलं, ओरडावं. मग वाटलं, हिचं काय चुकलं? हिला कुणी सांगितलंय? तेवीस वर्षांत त्यांनी शाळेत भिकाचं नाव काढलं नव्हतं. आपल्या घरचं दुखणं चारचौघांत कशाला उघडं करा, असं वाटायचं. त्या दिवशी त्यांनी अठराही पोरींना मैदानात गोल बसवलं आणि सगळं सांगितलं. डफ, दार, ऊन, नदी. पोरी ऐकत राहिल्या. काही समजलं असेल, काही नसेल.

"मी कोणाला अडवत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पट्टे माझ्या घरी तारेवर आहेत. जिला वरातीत जायचंय तिनं यावं आणि आपला पट्टा घेऊन जावा."

तेविसाला संध्याकाळी एकटी हेमलता आली. दारात उभी राहून अंगठ्यानं जमीन उकरत होती.

"आबांनी पाठवलं. नाही गेले तर नाना त्यांना कामावरून काढतील म्हणे."

बेबाबाई उठल्या. तारेवरचा मोठ्या ड्रमचा रुंद पट्टा काढून त्यांनी तिच्यापुढं धरला. पोरीनं तो घेतला, उलटासुलटा केला.

"मावशी, कडी अजून काळीच आहे."

"वेळ नाही मिळाला."

हेमलता ओट्यावर बसली. वाटीतली चिंच घेऊन कडी घासायला लागली. दिवेलागण होईपर्यंत घासत होती. मग उठली, पट्टा परत तारेवर टाकला आणि निघून गेली. बेबाबाई पदर डोळ्यांना लावून किती वेळ तिथंच बसून होत्या.

वरातीचं पुढं काय झालं ते मगननं सांगितलं. पोरी कुणीच आल्या नाहीत. नानांच्या माणसांनी हातगाडीवर ड्रम नेले. म्हटलं, ठरवलेल्या बँडवाल्यांची पोरं वाजवतील. पण ड्रम अडकवायचे कशाला? पट्ट्यांसाठी शाळेतली कपाटं उलटीपालटी केली. शेवटी सुतळीनं बांधले. चार पावलं चालले नाहीत तो ड्रम गुडघ्यावर. एक सुटला तो गडगडत थेट नवरदेवाच्या घोड्याच्या पायात. घोडं बिथरलं, नवरदेवाचा फेटा गटारीत.

"वरातीमागून घोडं ऐकलं व्हतं," मगन हसत म्हणाला. "हे घोड्यामागून ड्रम. हातगाडीवर बसून परत गेले ड्रम बठ्ठे."

बेबाबाई हसल्या नाहीत. "कातडं फाटलं का एखाद्याचं?" त्यांनी विचारलं.

पंचविसाला कागद आला. संस्थेच्या चोपड्याच्या वसतिगृहात बदली, एक फेब्रुवारीपासून. आणि तोंडी निरोप असा की ड्रम नानांच्या गोदामात कुलपात आहेत, बेबाबाईनं माफी लिहून दिली तर उद्या सकाळी मिळतील. बेबाबाईंनी कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि कोरडे पट्टे एकात एक गुंडाळायला घेतले.

सव्वीस तारखेला सकाळी मैदानावर महाजन सर घामानं डबडबले होते. "मी नाव मागं घेतो, बाई. ड्रमच नाहीत तर कसलं बँडपथक? शोभा होईल."

"नाव राहू द्या, सर," बेबाबाई म्हणाल्या. "ड्रम गोदामात आहेत. पाय नाहीत."

सरांनी पाटील बाईंकडं पाहिलं. बाई इतके दिवस गप्प होत्या, आणि गप्प राहण्यासारखी कारणंही त्यांच्याकडं होती. त्यांनी नानांच्या खुर्चीकडं एकदा बघितलं.

"राहू द्या, महाजन," त्या म्हणाल्या.

नाव पुकारलं गेलं. झेंडा पुढं निघाला आणि त्यामागं तीन-तीनच्या रांगांनी अठरा पोरी. छातीवर पांढरेशुभ्र पट्टे, लखलखीत कड्या, कड्यांना काही नाही. हातात काड्या, त्या तेवढ्या पोरींकडंच राहिल्या होत्या. खुर्च्यांमधून आधी खसखस पिकली. "ड्रम घरी विसरल्या वाटतं," असं कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला. पुढच्या रांगेतल्या एका पोरीचं पाऊल चुकलं.

कडेच्या चुन्याच्या फक्कीच्या रेघेवरून बेबाबाई चालत होत्या. शिपायाची निळी साडी, पायात चप्पल. "चालत राहा," त्या दात दाबून म्हणाल्या. "डावा. डावा. डावा उजवा डावा."

पोरींनी काडीवर काडी मारायला सुरुवात केली. आवाज तो केवढा, चुलीत काटक्या तडतडाव्यात तेवढा. मध्यभागी हेमलता, तिच्या दोन्ही हातांत मोठ्या ड्रमचे गोळ्याचे दांडके, समोर नुसती हवा. तिनं शिकवल्याप्रमाणे हात उचलला आणि मारला. ठोका ऐकू आला नाही, पण त्या ठोक्यावर अठराही डावे पाय एकदम पडले. पुन्हा पडले. हशा विरत गेला. मग मैदानात फक्त पाय ऐकू येऊ लागले, कॅनव्हासच्या बुटांतले.

"दाहिने देख," बेबाबाईंचा आवाज गेला.

माना वळल्या. पाहुण्यांच्या तोंडाकडं बघायचं नाही, त्यांच्या डोक्यावर दोन हात, जिथं तिरंगा आहे तिथं बघायचं, हे त्यांनी पोरींना पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. व्यासपीठावरची माणसं उठली. नाना बसले होते. शेजारचे साहेब उठलेले बघून तेही उठले.

रेघ संपली. आता 'थम' म्हणायचं. बेबाबाई म्हणाल्या नाहीत. झेंडा धरणारीनं एकदा मागं पाहिलं आणि सरळ फाटकातून बाहेर पडली. पथक रस्त्यावर आलं. सायकली बाजूला झाल्या, टांगे थांबले, केळीवाला गाडी ओढून कडेला उभा राहिला. वळणावर नानांचं कापसाचं गोदाम होतं. लोखंडी दाराला कुलूप, दाराशी गठ्ठ्यावर चुडामण बसलेला, नानांनी अजून काढलं नव्हतं त्याला. आत आपले ड्रम आहेत हे प्रत्येक पोरीला माहीत होतं. पावलं मंदावली. हेमलतानं आधी बापाकडं पाहिलं, मग मावशीकडं.

"दाराशी थांबायचं नाही," बेबाबाई म्हणाल्या. "डावा. डावा."

हेमलतानं हात उचलला आणि मारला. चुडामण गठ्ठ्यावरून उठला. डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि शेवटची पोर वळणापलीकडं जाईपर्यंत तो तसाच उभा होता.

त्या दिवशी पट्टा परत द्यायला एकही पोरगी आली नाही. बेबाबाईंनीही मागितला नाही. एक तारखेला त्या चोपड्याच्या गाडीत बसल्या, मांडीवर वळकटी. गाडी हेमलताच्या वस्तीवरून वळली तेव्हा त्यांनी खिडकीतून पाहिलं. चुडामणच्या अंगणात तारेवर एक रुंद पट्टा वाळत होता, ताज्या खडूचा, आणि त्याच्याखाली जमिनीवर पांढरे थेंब पडलेले होते.